नॉसची बाटली: दाब, वजन आणि रिफिल

नायट्रसच्या बाटलीवरचं गेज बाटलीत किती गॅस उरलाय ते सांगत नाही. ड्रॅग बाइकवर (थोड्या अंतराच्या सरळ शर्यतीच्या बाइकवर) नॉस, म्हणजे इंजिनला जादा ऑक्सिजन देऊन ताकद वाढवणारा नायट्रस ऑक्साइड, बसवणाऱ्याने सगळ्यात आधी हे पक्कं समजून घ्यावं, कारण पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. घरातला एलपीजी सिलिंडर बघा. आत द्रव आहे तोवर दाब तितकाच राहतो, आणि सिलिंडर संपत आल्याचं कळतं ते उचलून पाहिल्यावर. नॉसची बाटलीही अशीच वागते. गेज सांगतं तापमान, किती गॅस उरला ते सांगतो वजनकाटा. दोन्ही एकत्र वाचता आले, तरच बाटली तुमच्या ताब्यात आहे असं म्हणता येईल.

हा लेख हायाबुसासारख्या मोठ्या चार-सिलिंडर बाइकसाठी आहे, तोही फक्त ट्रॅकवर किंवा बंद धावपट्टीवर पळवायच्या बाइकसाठी. सार्वजनिक रस्त्यावर नॉसला जागा नाही. उदाहरणासाठी अडीच पौंडी, म्हणजे १.१३ किलो नायट्रस मावणारी ॲल्युमिनियमची बाटली धरली आहे. बाइकच्या शेपटीखाली किंवा स्विंगआर्मच्या बाजूला बसतात त्या बाटल्या साधारण याच मापाच्या किंवा याहून लहान असतात. मोटारीतल्या दहा पौंडी बाटलीला चालणारा ढिलेपणा इतक्या लहान बाटलीला चालत नाही.

दाब म्हणजे तापमान

बाटलीत खाली द्रव आणि वर वाफ अशी स्थिती असली की दाब फक्त तापमानावर ठरतो. बाटली भरलेली असो की पाव, आकडा तोच. गेजवर साधारण असे आकडे दिसायला हवेत:

१५ अंश सेल्सिअसला ६४० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड)
२० अंशांना ७२०
२५ अंशांना ८०५
३० अंशांना ९००
३५ अंशांना १००५

हे आकडे छापून टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. तिशीच्या आसपास दर अंशामागे साधारण २० पीएसआय चढतात. बहुतेक किट ९०० ते १००० पीएसआयच्या दरम्यान चालवायची असतात. मी ९५० धरतो, म्हणजे बाटलीचं तापमान साधारण ३२ अंश. बाहेरून मागवलेल्या किटसोबत हमखास बाटली गरम करायचं ब्लँकेट येतं, कारण थंड देशांत दाब चढवणं हाच रोजचा प्रश्न असतो. आपल्याकडे प्रश्न बहुतेक उलटा असतो. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर हिवाळ्यातल्या सकाळी बाटली १५ अंशांवर असेल आणि गेज ६४० दाखवेल. तीच बाटली दुपारी उन्हात ठेवलेल्या बाइकवर १०००च्या पुढे गेलेली असेल. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर, जिथे राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा होतात, तिथे तर ब्लँकेटची पिशवी अनेकदा उघडावीही लागत नाही.

३६.४ अंशांची हद्द

नायट्रस ऑक्साइडचं क्रांतिक तापमान ३६.४ अंश सेल्सिअस आहे आणि त्या ठिकाणी दाब साधारण ७२.५ बार. याच्या वर द्रव आणि वाफ असा भेद राहत नाही, आत सगळीकडे एकच दाट वायू भरलेला असतो. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत मार्च ते जून सावलीतलं तापमानसुद्धा ही हद्द सहज ओलांडतं. विदर्भात तर पारा पंचेचाळीसवर जातो आणि बंद गाडीच्या डिकीत त्याहून वर.

पण खरी मेख घनतेत आहे. तापमान वाढलं की द्रव फुगतो आणि नायट्रस फार फुगतो. शून्य अंशाला एक लिटर द्रवाचं वजन साधारण ९०७ ग्रॅम भरतं, २० अंशांना ७८६, ३० अंशांना ६८८ आणि ३५ अंशांना जेमतेम ५९०. अमेरिकेच्या वाहतूक नियमांत नायट्रसची भरण्याची कमाल मर्यादा बाटलीत मावणाऱ्या पाण्याच्या वजनाच्या ६८ टक्के आहे, म्हणजे लिटरमागे ६८० ग्रॅम. आपल्या १.१३ किलोच्या बाटलीचं आतलं घनफळ त्यावरून साधारण १.६७ लिटर निघतं. आता वरचे आकडे पुन्हा बघा. नियमाप्रमाणे काठोकाठ भरलेली बाटली तिशी ओलांडताच पूर्ण द्रवाने भरते, वर वाफेला जागाच उरत नाही. तिथून पुढे दाब मघाच्या तक्त्याप्रमाणे चढत नाही, दुपटीहून जास्त वेगाने चढतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: आपल्या हवेत बाइकची लहान बाटली ठरलेल्या वजनाच्या ९० टक्केच भरावी. १.१३ किलोच्या बाटलीत साधारण १.०२ किलो. मग ती ३४ अंशांपर्यंत द्रवाने पूर्ण भरत नाही आणि ९५० पीएसआयच्या आसपास गेज खरं बोलतं. शंभर ग्रॅमसाठी हे सोडू नये.

जास्त भरलेल्या बाटलीचं काय होतं तेही सांगतो. कुणी बाटली बर्फात थंड करून लिटरमागे ९०० ग्रॅम कोंबले, तर भरताना काहीच वावगं दिसत नाही, गेज साडेचारशेच्याही खाली असतं. तीच बाटली खोलीत ठेवल्यावर दोन-तीन अंशांतच द्रवाने गच्च भरते आणि ३० ते ३५ अंशांच्या दुपारी सुरक्षा डिस्क फुटण्याच्या पातळीला पोचते. ही डिस्क, म्हणजे जादा दाबाला फुटून गॅस बाहेर सोडणारी पातळ चकती, सहसा ३००० पीएसआयची असते. ती फुटली तर बाटलीचा जीव वाचतो, पण बाटली नीट बांधलेली नसेल तर ती उडते, आणि बंद खोलीत असेल तर खोलीतली हवा नायट्रसने भरते.

दाब बिघडला की मिश्रण बिघडतं

वेट किटमध्ये नायट्रसबरोबर जादा पेट्रोल वेगळ्या जेटमधून (ठरलेल्या भोकाच्या तोटीतून) जातं. त्या पेट्रोलचा दाब रेग्युलेटरने बांधलेला असतो. बाटलीच्या दाबाची त्याला खबर नसते. म्हणून बाटलीचा दाब हलला की मिश्रण हलतं.

जेटमधून दर सेकंदाला किती नायट्रस जाईल हे मागचा दाब आणि द्रवाची घनता या दोन गोष्टींवर ठरतं. दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. प्रवाह अंदाजे त्या प्रमाणात बदलतो. पाइपात वाफेचे बुडबुडे होतात म्हणून प्रत्यक्षात आकडे थोडे हलतात, पण दिशा हीच राहते. या हिशोबाने ९०० पीएसआयला ट्यून केलेली बाइक थंड सकाळी ६४०ला चालवली, तर नायट्रस साधारण ८ टक्के कमी जातो आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. रनची वेळ जास्त लागते, प्लग काळे होतात. बेतात असलं तर इंजिन वाचतं, फार रिच झालं तर इनटेकमध्ये साचलेलं पेट्रोल पेटून बॅकफायर होतो.

दुसऱ्या टोकाला लोक समजतात की दाब जितका जास्त तितकी ताकद जास्त. तसं नाही. ३० वरून ३५ अंशांवर जाताना दाब साधारण १२ टक्के वाढतो, पण घनता १४ टक्के घटते. गुणाकार उलट कमी भरतो. ११०० पीएसआयला बाइक मंद का झाली याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

सगळ्यात घातक असते जास्त भरलेली आणि तापलेली बाटली. तिच्यात फुगायला जागाच नसल्यामुळे घनता उतरत नाही, फक्त दाब चढतो. लिटरमागे ६८० ग्रॅम घनता कायम ठेवून दाब १२०० झाला, तर तोच हिशोब १५ टक्के जास्त नायट्रस दाखवतो, तेवढ्याच पेट्रोलवर. हे मिश्रण लीन आहे, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. पिस्टनच्या कडा वितळवणारं आणि प्लगचं इलेक्ट्रोड खाणारं मिश्रण ते हेच. ‘पहिल्याच रनला इंजिन गेलं, गेज तर बाराशे दाखवत होतं’ अशी तक्रार असेल, तर मी आधी बाटलीचं वजन विचारतो, मग ट्यून.

काही कंट्रोलर आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) बाटलीच्या दाबाचा सेन्सर वाचून पेट्रोल कमी-जास्त करतात. असेल तर जरूर वापरा. पण दाब दरवेळी एकाच ठिकाणी आणून मगच रन घेण्याची शिस्त त्याने सुटू नये.

बाटली कशी बसवावी

बाटलीच्या आत सायफन नळी (तळातला द्रव व्हॉल्व्हपर्यंत आणणारी नळी) आहे की नाही ते आधी कळलं पाहिजे. नळी असेल तर तिचं टोक सहसा बाटलीच्या बुडाशी, लेबलच्या विरुद्ध बाजूला वळवलेलं असतं. अशी बाटली थोडी तिरकी, व्हॉल्व्ह पुढे आणि वर, लेबल आकाशाकडे अशी बसवतात. बाइक सुटली की सगळा द्रव मागे धावतो आणि नळीचं टोक त्यात बुडालेलं राहतं. उलटी बसवली तर पहिल्या साठ फुटांतच नळी वाफ ओढायला लागते. नळी नसलेली बाटली व्हॉल्व्ह खाली करून बसवावी लागते.

पट्टे आणि ब्रॅकेट कंपनीत तयार झालेले असावेत. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमांत बाटलीवर डॉट-१८०० (तिथल्या वाहतूक खात्याचा १८०० पीएसआयचा) हा दर्जा कोरलेला असणं आणि ती पक्की बसवलेली असणं सक्तीचं आहे. होज क्लॅम्प आणि प्लास्टिकचे टाय तिथे चालत नाहीत. नियम तिथला असला तरी आपल्या धावपट्टीवर तो आपण स्वतःवर घालून घ्यावा. डिस्क फुटली तर निघणारा गॅस रायडरच्या अंगावर किंवा मागच्या टायरवर येणार नाही, अशा दिशेला फिटिंग वळवून घ्या. टायरच्या जवळ तर नकोच. एक्झॉस्टपासून लांब ठेवा, नाहीतर तुम्ही सावलीत आणलेला दाब बर्नआउटमध्येच (रनआधी मागचा टायर जागीच फिरवून तापवताना) बदलेल.

पाइप स्टेनलेस ब्रेडेड आणि शक्य तितका आखूड. निमुळत्या आट्यांवर टेफ्लॉन टेप लावू नका. तिचे तुकडे सुटून सोलेनॉइडमध्ये (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) अडकतात आणि सोलेनॉइड उघडाच राहतो. टेफ्लॉनची पेस्ट वापरा, तीही पहिले दोन आटे सोडून. बाटलीजवळ फिल्टर हवाच. नायट्रसच्या वाटेत ग्रीस, तेल, डब्ल्यूडी-४० यांतलं काहीही लावायचं नाही.

रिफिल: आधी कायदा आणि धोका

भारतात सिलिंडर भरणं गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतं. अंमलबजावणी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, करते. तिचं मुख्यालय नागपूरला आहे. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस भरायला परवाना लागतो, आणि बाहेरून आणलेली बाटलीसुद्धा मान्यताप्राप्त असावी लागते. दवाखान्यांना जाणारा निळ्या सिलिंडरमधला नायट्रस हे औषध आहे. तो ओळखीने मिळवून गॅरेजमध्ये ओतून घेणं हा रस्ता मी कुणालाही सुचवणार नाही. परवानाधारक भरणा केंद्रावर जा. पुढच्या पायऱ्या तुम्ही स्वतः भरावं म्हणून लिहिलेल्या नाहीत. समोर भरली जाणारी बाटली नीट भरली जातेय की नाही हे तुम्हाला ओळखता यावं, यासाठी त्या आहेत.

नायट्रस स्वतः जळत नाही म्हणून लोक त्याला निरुपद्रवी समजतात. पण तो तापला की विघटन होऊन उष्णता सोडतो आणि बंद भांड्यात ती साखळी थांबत नाही. २६ जुलै २००७ला कॅलिफोर्नियातल्या मोहावी इथे स्केल्ड कॉम्पोझिट्सच्या रॉकेटसाठी नायट्रसच्या नुसत्या प्रवाहाची चाचणी चालू होती, आग पेटवायचीही नव्हती. त्यात स्फोट होऊन तिघे गेले. २८ ऑगस्ट २०१६ला फ्लोरिडातल्या कँटोनमेंट इथल्या एअरगॅसच्या नायट्रस कारखान्यात स्फोट होऊन एक कामगार गेला. तिथल्या तपासात टँकर भरणाऱ्या पंपाच्या उष्णतेने विघटन सुरू झालं असावं हा निष्कर्ष निघाला. म्हणून साधा पंप, तेलकट फिटिंग, गॅस बर्नर, हीट गन, ब्लो टॉर्च यांतलं काहीही बाटलीजवळ दिसलं तर बाटली उचला आणि परत या.

रिफिल: पायरीपायरीने

सुरुवात रिकाम्या बाटलीपासून. खांद्यावर कोरलेला दर्जा आणि शेवटच्या हायड्रो (पाण्याच्या दाबाच्या) चाचणीचा महिना-वर्ष वाचा. डॉट-३एएल बाटलीला दर पाच वर्षांनी ही चाचणी लागते. पोचा, खोल ओरखडा, आगीची झळ लागून रंग फुगलेला किंवा पावडर कोटिंगसाठी भट्टीत घातलेली बाटली असेल तर ती भरूच देऊ नका. भट्टीच्या उष्णतेने ॲल्युमिनियमची ताकद जाते आणि बाहेरून काही दिसत नाही.

मग रिकामं वजन. लेबलवरचं वजन व्हॉल्व्हसकट आहे की नाही याची खात्री नसते. गेज, नट, अडॅप्टर लावलेले असतील तर फरक पडतो. म्हणून बाटली पूर्ण रिकामी करून, ज्या अवस्थेत नेहमी वजन करणार त्याच अवस्थेत काट्यावर ठेवा आणि तो आकडा बाटलीवर पक्क्या मार्करने लिहा. पाच किलोचा, एका ग्रॅमपर्यंत वाचणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा या मापाच्या बाटलीला पुरतो. रिकामं वजन अधिक १.०२ किलो, हे झालं लक्ष्य. तेही शेजारी लिहा.

मोठ्या सिलिंडरमधून द्रव यायला हवा, वाफ नाही. त्यात आत नळी असेल तर तो उभा राहतो, नसेल तर तो उलटा टांगलेला दिसेल. मधल्या पाइपात फिल्टर आहे का ते बघा. जोडण्याआधी दोन्ही तोंडं कोरड्या स्वच्छ कपड्याने पुसली जावीत. भरणाऱ्याच्या हातात जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. बाहेर सुटलेला नायट्रस उणे ८८ अंशांपर्यंत जातो आणि कातडीला क्षणात इजा करतो.

पंपाशिवाय भरायचं तर लहान बाटली मोठ्या सिलिंडरपेक्षा थंड हवी, कारण गॅस दाबाच्या फरकावर सरकतो. दोन्ही सारख्या तापमानाला असतील तर बाटली अर्धवट भरून प्रवाह थांबतो. उपाय असा: थोडा नायट्रस बाटलीत घ्यायचा आणि त्याची वाफ मोकळ्या हवेत सोडायची. उरलेला द्रव उकळताना बाटली गार पडते. सायफन नळीच्या बाटलीतून वाफ सोडायची तर ती उलटी धरावी लागते. उभी धरली तर नळीतून द्रवच बाहेर जातो, गॅस वाया जातो आणि गारवा येत नाही. बर्फाच्या पाण्यात ठेवूनही चालतं, पण मग मघाशी सांगितलेला धोका लक्षात ठेवायचा. गार बाटलीत प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त मावतं, आणि गेज ते अजिबात कळू देत नाही. काट्याशिवाय गार बाटली भरणं मला मान्य नाही.

भरताना बाटली काट्यावरच असते, पण जोडलेला ताठ पाइप काट्याला वर किंवा खाली ओढतो. दाब चढला की पाइप आणखी ताठ होतो आणि आकडा सरकतो. म्हणून जोडलेल्या अवस्थेतलं वजन हा फक्त अंदाज. लक्ष्याच्या थोडं अलीकडे थांबून दोन्ही व्हॉल्व्ह बंद करावेत, मधल्या पाइपातला दाब ब्लीडमधून सोडावा, पाइप काढावा आणि मग खरं वजन घ्यावं. जास्त भरलं असेल तर तिथेच, उघड्यावर, जादा गॅस सोडून द्यावा. ‘राहू द्या, दोन रन जास्त होतील’ असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका.

शेवटची तपासणी बहुतेक जण गाळतात आणि तीच सगळ्यात जास्त उपयोगाची आहे. बाटली दोन-तीन तास सावलीत ठेवा. बाटलीच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं तापमान मोजा आणि गेजचा आकडा तक्त्याशी ताडून बघा. जुळला तर आत द्रव आणि वाफ दोन्ही आहेत. गेज तक्त्याच्या बरंच वर असेल तर बाटली द्रवाने गच्च आहे, म्हणजे जास्त भरली आहे. वजनावरून तसं वाटत नसेल तर तुमचं गेज किंवा काटा खोटा आहे. साबणाच्या पाण्याने व्हॉल्व्ह, डिस्कचं फिटिंग आणि गेजचा सांधा तपासा, आणि वजन व तारखेची पट्टी बाटलीला बांधा.

किती रन निघतील

वर्कशॉपमधला ठोकताळा असा: १०० अश्वशक्तीच्या शॉटला (नॉसने मिळणाऱ्या जादा ताकदीला) सेकंदाला साधारण ४५ ग्रॅम नायट्रस. ६० अश्वशक्तीचा शॉट एका रनमध्ये ७ सेकंद चालू राहिला तर १९० ग्रॅम, वर पर्जचे, म्हणजे रनआधी पाइपातली वाफ बाहेर सोडण्याचे, थोडे. १.०२ किलोला दोनशेने भागलं की पाच रन, असा हिशोब लोक मांडतात आणि तिसऱ्या रनला फसतात.

कारण बाटली कधीच पूर्ण वापरता येत नाही. ३० अंशांना नायट्रसची वाफही जड असते, लिटरमागे साधारण २३७ ग्रॅम. आपल्या १.६७ लिटरच्या बाटलीत नुसती वाफच ४०० ग्रॅमच्या घरात बसते. म्हणजे काट्यावर ४०० ग्रॅम दिसत असताना आत द्रवाचा थेंब नसतो. वापरता येणारा द्रव उरला साधारण सहाशे ग्रॅम. त्यातही शेवटच्या द्रवात नळीचं टोक धड बुडत नाही. शिवाय प्रत्येक रनमध्ये द्रव बाहेर गेला की रिकाम्या जागेत वाफ भरायला उरलेला द्रव उकळतो, बाटली गार होते आणि दाब पडतो. लहान बाटलीत एका रनमध्ये ५० पीएसआय किंवा जास्त पडणं नेहमीचं आहे. एका बाटलीवर मी दोनच रन धरतो. म्हणून मोठी बाटली शोधण्यापेक्षा सारख्याच दोन-तीन लहान बाटल्या ठेवा. एक बाइकवर, एक तापमानाला येत असलेली, एक भरून आलेली.

रनच्या दिवशी

सकाळ थंड असेल तर थर्मोस्टॅट असलेलं ब्लँकेट वापरा, आणि शक्य असेल तर दाबाच्या स्विचवर ते आपोआप बंद होईल असं जोडा. एनएचआरए फक्त असंच बाजारात मिळणारं, थर्मोस्टॅटचं ब्लँकेट चालवते, बाकी कुठल्याही प्रकारे बाटली गरम करायला बंदी आहे. ब्लँकेटची वीज पिटमधल्या वेगळ्या बॅटरीवरून घ्या. बाइकची लहान बॅटरी त्यावर उतरली तर सोलेनॉइड आळसावतात आणि इग्निशनही कमकुवत होतं. ब्लँकेट चालू ठेवून पिट सोडून जायचं नाही.

दुपारी उलट काम. बाइक छत्रीखाली, बाटलीवर ओला सुती कपडा, वारा लागेल अशी. राखीव बाटल्या बर्फ नसलेल्या, नुसत्या गार पाण्याच्या शीतपेटीत. बर्फात ठेवली तर रनच्या वेळी ती परत तापवत बसावी लागेल. गेज ९५०च्या वर असेल तर गॅस सोडून दाब उतरवण्याआधी वजन बघा. वजन बरोबर असेल तर फक्त थंड करा.

स्टेजिंगच्या (सुटण्याच्या रेषेकडे जाणाऱ्या) रांगेत जाताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. अर्धा उघडला तर उभं असताना गेज पूर्ण दाब दाखवतं, आणि प्रवाह सुरू झाला की तिथेच दाब अडतो. लगेच पर्ज करा. पाइपातली वाफ निघून पांढऱ्या, घट्ट धुराचा झोत आला की बास. पर्ज झाल्यावर फार वेळ गेला तर पाइपात पुन्हा वाफ होते, म्हणून शेवटचा छोटा पर्ज प्री-स्टेजच्या, म्हणजे सुटण्याच्या रेषेला लागण्याच्या, अगदी आधी.

रन संपला की परतीच्या रस्त्यावर व्हॉल्व्ह बंद करा, आणि पिटमध्ये इंजिन बंद असताना पर्जनेच पाइप रिकामा करा. मग बाटली काढून काट्यावर. वहीत तापमान, सुरुवातीचा दाब, शेवटचा दाब, आधीचं आणि नंतरचं वजन, जेट, पेट्रोलचा दाब आणि वेळ एवढं लिहायचं. तीन-चार रनमध्येच तुमचा स्वतःचा ग्रॅम-प्रति-सेकंद आकडा हाती येतो आणि वरचा ठोकताळा लागत नाही. ही वही बोलतेही. दाब आणि जेट तेच असून वजन नेहमीपेक्षा कमी घटलं, तर फिल्टर तुंबलाय किंवा सोलेनॉइड पूर्ण उघडत नाही. जास्त घटलं तर गळती आहे, किंवा जेट बदललं गेलंय. वजन ठीक घटलं पण रनच्या शेवटच्या टप्प्यात बाइक गळाली, तर नळी वाफ ओढतेय. बाटलीची बसवणी बघा, नाहीतर बाटली बदला.

गेजवर आंधळा विश्वास नको. लहान गेज धक्क्यांनी हळूहळू खोटं बोलायला लागतं. हंगामात एकदा दुसऱ्या चांगल्या गेजशी ताडा. शून्यावर न येणारं गेज सरळ टाकून द्या.

साठवण आणि ने-आण

घरी बाटली उभी, बांधलेली, हवेशीर जागी आणि सावलीत. तळघरात किंवा बंद कपाटात नाही, कारण गळती झाली तर नायट्रस हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो आणि खोलीतला प्राणवायू हटवतो. हा गॅस हुंगण्याची चेष्टा टीममध्ये कुणालाही करू देऊ नका. त्याने माणूस गुदमरतो आणि वारंवार घेतला तर बी-१२ निकामी होऊन मज्जातंतूंना इजा होते. अमेरिकेत मोटारींसाठीच्या नायट्रसमध्ये म्हणूनच १०० पीपीएम सल्फर डायऑक्साइड मिसळतात.

गाडीतून नेताना व्हॉल्व्हला टोपी, बाटली पट्ट्याने बांधलेली, काच थोडी उघडी. उन्हात गाडी लावून जेवायला जायचं असेल तर बाटली सोबत सावलीत उतरवायची. हंगाम संपल्यावर बाटली पूर्ण रिकामी करून ठेवू नका. थोडा दाब राहू द्या आणि व्हॉल्व्ह बंद ठेवा, म्हणजे पावसाळ्याची दमट हवा आत शिरत नाही. चाचणीची तारीख पुढच्या हंगामाच्या मध्यात संपत असेल तर ती पावसाळ्यातच करून घ्या. त्याच वेळी व्हॉल्व्हचं सील आणि सुरक्षा डिस्क नवी बसवून घ्या. डिस्क बाटलीच्या दर्जाला जुळणारीच हवी. फुटलेल्या डिस्कच्या जागी बोल्ट किंवा नाण्याची चकती बसवलेली बाटली कुणी स्वस्तात देऊ केली, तर ती विकत घेऊ नका आणि तिच्याजवळ उभंही राहू नका.